पाठ लागली, हे म्हणायला

सूत्रसंचालकांनी माझं नाव सांगितलं नाही. ते विसरले नाहीत, मीच नको म्हणालो होतो. आमच्यात, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या मंडळात, तसा रिवाज आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर हयात गेली आणि नऊ वर्षं दारूला शिवलो नाही, एवढी ओळख पुरे.

कुस्ती हरलेल्या पैलवानाला कधी विचारून बघा. तो म्हणणार, "पाठ लागलीच नव्हती, पंचांनी घाई केली." मीही वीस वर्षं तेच म्हणत होतो. कालच जरा जास्त झाली, उपाशीपोटी घेतली म्हणून चढली, सोडायची ठरवली तर उद्या सोडीन. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या बारा पायऱ्यांतली पहिलीच पायरी अशी, की दारूपुढं आपलं काही चालत नाही हे कबूल करायचं. तालमींच्या गावात हे तोंडातनं निघायला फार जड जातं.

आपल्याकडं दारू सोडायची म्हणजे माळ घालायची. मीही घातली, दोनदा. माळेला मी नावं ठेवणार नाही. आमच्या गल्लीत तिच्यामुळं सुटलेले तिघं आहेत. पण ते तिघं एकादशीचं भजन चुकवत नाहीत, आणि एखादा आला नाही तर टाळकऱ्यांपैकी कुणीतरी घरी बघायला जातं. मी माळ घालून घरात एकटा बसलो.

दुसऱ्या खेपेला तर जिवावर बेतलं. रोज पिणारा माणूस मी, एका दिवसात बंद केली. हात असे थरथरायला लागले की चहाची बशी धरवेना. तिसऱ्या रात्री घोंगड्यावर तांबड्या मुंग्या चढताना दिसायला लागल्या. मी झटकतोय आणि बायको म्हणतेय, "अहो, काय नाही तिथं." दवाखान्यात डॉक्टर तिच्यावरच चिडले, आधी का आणलं नाही म्हणून. तेव्हा नीट ऐका. रोजची, भरपूर पिणाऱ्यानं मनानं अचानक बंद करू नये. फिट येते, भ्रम होतो, माणूस दगावूही शकतो. आधी डॉक्टर, मग एएची मीटिंग. सीपीआरला, आपल्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढायला लाजू नका.

आता हे एए आलं कुठनं? १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल धंद्याच्या कामाला गेला होता. बिल विल्सन त्याचं नाव. दारू सोडून पाचेक महिने झालेले. व्यवहार फिसकटला, खिसा रिकामा, आणि हॉटेलात समोर बार. त्यानं काय केलं, तर चर्चमध्ये फोन लावून, दारूच्या नादी लागलेला दुसरा कुणी गावात आहे का, अशी चौकशी केली. भेटला एक सर्जन, डॉ. बॉब स्मिथ. गंमत बघा, बिल त्याला सुधारायला गेला नव्हता. स्वतः पिऊ नये म्हणून गेला होता. डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ला. एए तोच आपला जन्मदिवस धरते. एका पिणाऱ्यानं दुसऱ्याशी बोलायचं, सगळं तंत्र एवढंच आहे. २०२०मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास पारखणाऱ्या संस्थेनं २७ अभ्यास एकत्र तपासले. दारू पूर्ण सुटण्याच्या बाबतीत ही पद्धत इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरली.

दारू प्यायला आपल्या राज्यात कायद्यानं परवाना लागतो. तो काढलेला माणूस मी अजून बघितला नाही. मीटिंगला परवाना नाही, फी नाही, अर्ज नाही. दारू सोडायची इच्छा, ही एकच अट. ग्रुप शोधायचा तर पाट्या बघत हिंडू नका, कारण जागा बहुधा संध्याकाळपुरती घेतलेली असते. शाळेचा वर्ग म्हणा, चर्चची खोली म्हणा. मानसोपचाराच्या डॉक्टरांना किंवा व्यसनमुक्ती केंद्रात विचारा, नाहीतर १४४४६ लावा. सरकारी नंबर आहे, पैसे पडत नाहीत.

पहिल्या दिवशी मी गाडी दोन गल्ल्या पलीकडं लावली. आपल्या गावात माणूस आधी गाडीवरनं ओळखतात. तीच गाडी रोज बारच्या दारात उभी असायची, तेव्हा काही वाटलं नव्हतं. आत दहाबारा खुर्च्या. एकानं नुसतं "या, बसा" म्हणून कप हातात दिला, आणि तो अर्धाच भरला होता. का, ते नंतर कळलं. नव्या माणसाचे हात थरथरतात, भरलेला कप सांडतो.

एकेकजण आपलं सांगतो, मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही. मी चौथ्या मीटिंगपर्यंत गप्प होतो. कुणी टोकलं नाही. मध्येच एकदा पुन्हा प्यायलोही, आणि परत गेलो तर पुन्हा तोच "या, बसा".

वहिनी, मावश्या बसल्यात म्हणून सांगतो. घरच्यांसाठी अल्-अ‍ॅनॉन वेगळं असतं, १९५१पासूनचं. नवरा पीत असला तरी बाईला जाता येतं. आमची जायला लागली. पहिल्या दिवशी आल्यावर मी विचारलं, "माझ्याबद्दल काय काय सांगितलंस?" चप्पल काढत म्हणाली, "तिथलं तिथंच."