मागाच्या चौकटीवरची पट्टी

श्रोतेहो, नमस्कार. रात्रीचे साडेनऊ होत आले. वडगावात मागांचा खडखडाट अजून थांबला नसेल, उद्यमबागेत कुणाची पाळी सुटायची असेल, खानापूरकडं कुणी थ्री फेजची वाट बघत पंपाशी बसला असेल. आज झोपेविषयी बोलायचं ठरलं, तेव्हा आधी तुम्हीच डोळ्यांपुढं आलात.

बोटानं सरकवत राहावं आणि पान संपूच नये, अशीच मोबाईलची रचना केलेली असते. त्यात रात्रीचे दोन वाजतात. मग हीच हुशारी माणसाला झोपवायला का वापरू नये? सवयी बदलायला हातभार लावणाऱ्या अशा तंत्राचा अभ्यास स्टॅनफर्ड विद्यापीठात बी. जे. फॉग यांनी १९९०च्या दशकात मांडला. मनात इच्छा हवी, काम जमण्याजोगं हवं आणि आठवण नेमक्या वेळी व्हावी. तिन्ही जुळलं की माणूस ते करतो, असं ते सांगतात.

मला फार आवडतो तो वॉशिंग्टन विद्यापीठातला २०१२चा ‘शटआय’ हा प्रयोग. फोनच्या वॉलपेपरवर नुसत्या आडव्या पट्ट्या: कॉफीची, व्यायामाची, दुपारच्या डुलकीची. आत्ता ती गोष्ट केलेली चालणार असेल तर पट्टी जाड, झोपेला बाधणार असेल तर बारीक. भोंगा नाही, दटावणं नाही. वेळ बघायला फोन काढला की नजर पट्टीवर जातेच. आणि ती खरं तेच सांगते. अंगातलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाचा चहा अकराला अर्धा शिल्लकच असतो.

पण ‘दहाला झोपा’ म्हणणारं अ‍ॅप रात्रपाळीवाल्याच्या काय कामाचं? आपल्याकडं असं काही करायचं तर आधी पाळी विचारली पाहिजे. आणि झोपेला मार्क देऊ नयेत, असं मला कळकळीनं वाटतं. झोप मोजणाऱ्या मनगटी घड्याळातला आकडा बघून झोप उडालेली माणसं आहेत. डॉक्टरांनी २०१७ साली त्याला ‘ऑर्थोसोम्निया’ असं नावही दिलं.

आमच्या गल्लीतल्या मागवाल्या काकांकडं साधाच फोन आहे. त्यांना मी पुठ्ठ्यावर चहाची पट्टी काढून दिली. एका बाजूला दिवसपाळीची, मागं रात्रपाळीची. ती त्यांनी मागाच्या चौकटीला सुतळीनं बांधलीय. पाळी बदलली की सोमवारी येऊन आधी पुठ्ठा उलटा करतात, मग माग सुरू करतात.