कारखान्याचा आवाज आणि युद्धाचा प्रचार

मित्रहो, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या अवजड उद्योगांचा गौरव करणारे प्रचारपट बरेच निघाले. आज मी त्यांतल्या एकाचाच विचार करणार आहे, कारण यंत्रांच्या आवाजाला इतका मान दुसऱ्या कोणी दिल्याचे मला ठाऊक नाही. हम्फ्री जेनिंग्ज आणि स्ट्युअर्ट मॅकॲलिस्टर यांचा १९४२ मधला ‘लिसन टु ब्रिटन’ हा माहितीपट जेमतेम वीस मिनिटांचा आहे आणि तो माहिती मंत्रालयाच्या क्राउन फिल्म युनिटने तयार केला. प्रचारपट म्हटला की भारदस्त आवाजातले निवेदन आलेच, असे आपण गृहीत धरतो. इथे मात्र आरंभीचे छोटे प्रास्ताविक सोडले, तर कोणीच आपल्याला काही समजावून सांगत नाही.

यंत्रांवर काम करणाऱ्या स्त्रिया ध्वनिवर्धकावरच्या गाण्यात आपला सूर मिसळतात. बीबीसीने जून १९४० पासून ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ हा कार्यक्रम खास कामगारांसाठी सुरू केला होता आणि कामाचा वेग टिकावा, हा त्यामागचा सरळ हेतू होता. पुढे कारखान्याच्या कँटीनमध्ये फ्लॅनगन आणि ॲलन ही लोकप्रिय जोडी गाते, जेवता जेवता कामगार त्यांना साथ देतात, आणि ते गाणे संपते न संपते तोच आपण लंडनच्या नॅशनल गॅलरीत मायरा हेस यांच्या पियानोवर मोझार्ट ऐकू लागतो. श्रोत्यांत राणीही बसलेली असते. कँटीन आणि कलादालन यांच्यातले अंतर त्या एका जोडकामाने मिटते. वर्गावर्गांत विभागलेल्या समाजाला ‘आपण सारे एक’ हे पटवायचे होते, आणि भाषणापेक्षा हा सांधा ते काम कितीतरी प्रभावीपणे करतो. मला तर संकलनाच्या कलेतला हा अत्युच्च क्षण वाटतो. शेवटाकडे पोलादाच्या कारखान्यातला घणाघात ऐकू येतो आणि त्यातूनच ‘रूल ब्रिटानिया’ या ब्रिटिश देशभक्तिगीताचे समूहगान वर येते.

पण या सुरात न बसणारे आवाज बाहेर राहिले, याचीही नोंद घेतली पाहिजे. डिसेंबर १९४१ च्या कायद्याने २० ते ३० वर्षांच्या अविवाहित स्त्रियांना सक्तीने युद्धसेवेत बोलावता येऊ लागले होते. पडद्यावर गाणाऱ्या स्त्रियांकडे पाहताना त्या सक्तीचा मागमूसही लागत नाही. १९४० च्या हुकुमाने संप बेकायदा ठरलेला असतानाही जानेवारी १९४२ मध्ये केंटमधल्या बेट्सहँगर खाणीतले कामगार अवघड थरातल्या कामाच्या मोबदल्यावरून संपावर गेले. संघटनेच्या तिघा पदाधिकाऱ्यांना तुरुंगवास झाला आणि सुमारे हजार कामगारांना दंड ठोठावला गेला, तरी संप मोडला नाही. कोळसा हवा असल्यामुळे सरकारलाच तडजोड करून त्या तिघांना मुदतीआधी सोडावे लागले, आणि बहुतेक कामगारांनी दंड कधी भरलाच नाही.