सात-बारा नसलेलं गाव

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडे गावाचा विषय निघाला की पाठोपाठ जमीन येतेच. किती गुंठे, कुणाच्या नावावर, वाटण्या झाल्या का? माझ्या आजोळी दोन सख्ख्या भावांचं एका गडग्यावरून कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. गडगा हातभर सरकला की कुणी सरकवला, एवढाच वाद. आज ज्या गावाबद्दल सांगणार आहे, तिथेही गडगेच गडगे आहेत, आपल्यासारख्याच काळ्या दगडांचे. पण गडग्यांच्या आतली जमीन कुणा एकाची नाही. ती सगळ्या गावाची आहे आणि बाहेरच्या माणसाला तिथला हातभर तुकडाही विकत मिळत नाही.

बेटाचं नाव ट्रिस्टन द कुन्हा. नकाशात केप टाऊनवर बोट ठेवा आणि पश्चिमेकडे, दक्षिण अटलांटिक महासागरात, सुमारे 2,800 किलोमीटर सरका. सगळ्यांत जवळचे शेजारी सेंट हेलेना बेटावरचे, तेही सुमारे 2,400 किलोमीटर लांब. विमानतळ नाही. केप टाऊनहून जहाजाने आठवडाभर लागतो आणि जहाजं वर्षातून मोजकीच. बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला ज्वालामुखी. त्याचा माथा 2,062 मीटर, आपल्या कळसूबाईपेक्षा चारशे मीटरने उंच. जवळपास सगळीकडे कडे सरळ समुद्रात उतरलेले. एका बाजूला कड्याच्या पायथ्याशी थोडी सपाट पट्टी आहे, तिच्यावर अडीचशेहूनही कमी माणसं राहतात. कागदोपत्री गावाचं नाव ‘एडिनबरा ऑफ द सेव्हन सीज’. 1867 साली एडिनबराचे ड्यूक, प्रिन्स आल्फ्रेड, इथे येऊन गेले, त्यांच्यावरून पडलेलं. गावकरी मात्र नुसतं ‘सेटलमेंट’ म्हणतात. वस्ती.

या वस्तीला कारण झाला नेपोलियन. त्याला सेंट हेलेनावर कैदेत ठेवलं होतं आणि त्याला सोडवायला कुणी या बाजूने येऊ नये म्हणून इंग्रजांनी 1816 साली इथे शिपाई आणून बसवले. वर्षभरात फौज परत बोलावली. विल्यम ग्लास नावाचा स्कॉटिश कॉर्पोरल बायको-मुलांसह मागे राहिला. सोबतीला दोन गवंडी. या माणसांनी 7 नोव्हेंबर 1817 रोजी एक करार लिहिला. गुरं आणि सामानसुमान सगळ्यांच्या सारख्या मालकीचं. जो काही नफा होईल त्याचे सारखे वाटे. आणि कुणीही कुणापेक्षा वरचढ नाही, सगळे सगळ्या बाबतींत समान. शाळेची फारशी पायरी न चढलेली ही माणसं, निर्जन बेटावर, पहिली गोष्ट ही लिहून ठेवतात. मला याचं फार अप्रूप वाटतं.

पुढे इंग्रज, डच, इटालियन खलाशी येत गेले, कुणी जहाज फुटून, कुणी आपणहून. 1827 साली सेंट हेलेनाहून पाच स्त्रिया आल्या आणि संसार उभे राहिले. दिवस सोपे नव्हते. 1885 मध्ये एका जहाजाशी मालाची देवघेव करायला होडीतून निघालेले 15 पुरुष परत आलेच नाहीत. एवढ्याशा गावातले 15 कर्ते पुरुष एका दिवसात गेले. तरी गाव टिकलं.

आता त्या गडग्यांकडे येऊ. गावापासून तीनेक किलोमीटरवर बटाट्याची शेतं आहेत. गावकरी त्यांना ‘पॅचेस’ म्हणतात. शेत तरी कसलं, आपल्या परसातल्या वाफ्यांएवढे लहान-लहान तुकडे. जमिनीतून निघालेले दगडच एकावर एक रचून, चुना-माती न लावता, कंबरेएवढे गडगे घातलेले. ते हद्दीसाठी कमी आणि वाऱ्यासाठी जास्त. तिथला वारा उघड्यावरचं रोप जगू देत नाही. कोणता तुकडा कोणतं घर कसतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. जवळ लहानशी खोपटीही असते. बटाटा हेच इथलं जुनं मुख्य अन्न. 1940च्या दशकापर्यंत बेटावर पैशाला फारसं कामच नव्हतं. 1946 साली बेटासाठी केलेल्या एका टपाल तिकिटाच्या नमुन्यावर किंमत होती एक पेनी, म्हणजेच चार बटाटे. आपला ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीजांनी आणला आणि 1506 साली हे बेट पहिल्यांदा पाहणारा त्रिस्तांव दा कुन्हाही पोर्तुगीजच.

गुरा-मेंढरांची व्यवस्थाही याच धोरणाची. चराऊ रान सगळ्यांचं, आपल्या गायरानासारखं. पण कुणी किती जनावरं ठेवायची याला मर्यादा आहे. एक म्हणजे गवत पुरावं म्हणून, आणि दुसरं म्हणजे एखादं घर बाकीच्यांपेक्षा फार गबर होऊ नये म्हणून. जुन्या घरांवर गवती छप्पर असायचं. ते शाकारायच्या दिवशी सगळे जमायचे आणि घरधन्याने जेवू घालायचं. आपल्याकडे याला इर्जिक म्हणतात. आज मुख्य कमाई शेवंडांची, म्हणजे लॉबस्टरची. समुद्र निवळला की सकाळी गावात टांगलेला लोखंडी नळकांडा ठण-ठण वाजवतात. तो ऐकला की हातातली कामं टाकून होड्या पाण्यात जातात, कारण असे दिवस वर्षात थोडेच मिळतात.

1961 च्या ऑगस्टपासून जमीन हादरू लागली. ऑक्टोबरात गावाच्या अगदी शेजारी भेग पडली, जमीन फुगून वर आली. 9 ऑक्टोबरच्या रात्री सगळं गाव घरं सोडून निघालं आणि आसऱ्याला गेलं ते बटाट्याच्या शेतांतल्या खोपट्यांत. दुसऱ्या दिवशी 264 माणसं होड्यांनी बेटाबाहेर पडली. आधी शेजारच्या नाइटिंगेल बेटावर, मग केप टाऊन, मग इंग्लंड. लाव्हाने शेवंडांचा कारखाना आणि होड्या लावायचे किनारे गिळले. घरांपर्यंत मात्र तो फारसा आला नाही.

इंग्लंडात नोकऱ्या मिळाल्या, विजेचे दिवे मिळाले, मुलांना शाळा मिळाली. थंडीने आणि नवनव्या आजारांनी काही म्हातारी माणसं पहिल्याच हिवाळ्यात गेली. कायमचं इथेच राहा, असं ब्रिटिश सरकारचं म्हणणं होतं. 1962 च्या अखेरीस गावाने मतदान केलं. परत जाण्याच्या बाजूने 148, विरोधात 5.

हा आकडा मी वाचला तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. तिथे त्यांच्या नावावर होतं तरी काय? चार भिंती, एक होडी आणि कसायला दिलेला बटाट्याचा वाफा. विकून पैसा करावा असं काहीच नाही. पण त्या वाफ्यात त्यांचं जितकं होतं, तितकं इंग्लंडच्या पगारात नव्हतं.

1963 मध्ये बहुतेक सगळे परतले. मागे राहिलेल्या कुत्र्यांनी मेंढरं फस्त केली होती. किनारे लाव्हाखाली गेलेले, होडी लावायला जागा नाही. 1967 साली नवं छोटं बंदर बांधलं. इंग्लंडात ज्या ठिकाणी त्यांनी परतीची वाट पाहत दिवस काढले, त्याचं नाव कॅलशॉट. बंदरालाही त्यांनी तेच नाव दिलं, कॅलशॉट हार्बर.

नमस्कार.