लाकडी स्लीपरची राखण

रुळांच्या मधोमध वाकून चालणाऱ्या या माणसाच्या हातात लाकडी मोगरी आहे. रूळ जिथे स्लीपरवर, म्हणजे रुळांखाली आडव्या टाकलेल्या लाकडी तुळईवर, टेकतो त्याच्या अगदी शेजारी तो ती एकदा आपटतो, क्षणभर कान देतो आणि पुढच्या स्लीपरकडे सरकतो. ठोका भरीव आला तर खालची खडी घट्ट आहे. पोकळ आला तर लाकूड आणि खडी यांच्यामध्ये फट पडली आहे, आणि गाडीच्या प्रत्येक चाकाबरोबर तो स्लीपर खाली दबून पुन्हा वर येतो आहे. वरून पाहिले तर दोन्ही स्लीपर सारखेच दिसतात. फरक कळतो तो आवाजावरून.

आज भारतीय रेल्वेच्या मुख्य मार्गांवर बहुतेक सर्वत्र काँक्रीटचे स्लीपर आहेत. लाकूड उरले आहे ते प्रामुख्याने खडी नसलेल्या गर्डर (पोलादी तुळयांच्या) पुलांवर आणि काही जुन्या, कमी वाहतुकीच्या मार्गांवर, आणि तिथूनही पोलादी व संमिश्र स्लीपर त्याला हटवत आहेत. तरीही ते इतकी वर्षे टिकून राहिले याला कारण आहे. लाकूड जागेवर तासता येते, हवे तिथे भोक पाडता येते, ते धक्का सोसते आणि सिग्नलसाठी रुळांतून सोडलेला विद्युतप्रवाह एका रुळातून दुसऱ्या रुळात जाऊ देत नाही. काँक्रीटचा स्लीपर कारखान्यातून जसा येतो तसाच वापरावा लागतो. मात्र ज्या गुणामुळे लाकूड कामाला येते, त्याच गुणामुळे ते मरतेही, कारण त्यावर केलेला प्रत्येक काप आणि प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला, बुरशीला आणि वाळवीला उघडून दिलेली वाट असते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही गाडी धावली आणि त्यानंतरच्या दशकांत रुळांचे जाळे ज्या वेगाने वाढले, त्या वेगाने स्लीपरसाठी लाकडाची मागणीही वाढली. साल, सागवान आणि देवदार ही टिकाऊ झाडे त्यासाठी तुटली. १८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस या जर्मन वनतज्ज्ञाच्या हाताखाली सरकारी वनखाते उभे राहिले, त्यामागे रेल्वेला लाकूड अखंड मिळत राहावे ही काळजी मोठी होती. म्हणजे आपल्या सरकारी वनव्यवस्थेच्या पायात थोडा स्लीपरही पुरलेला आहे, असे म्हणायला हरकत नाही.

साल आणि सागवान यांचा गाभा मुळातच टिकाऊ असतो. चीर पाइनसारख्या मऊ लाकडाला मात्र औषध पाजावे लागते. हे औषध म्हणजे क्रिओसोट, दगडी कोळशाच्या डांबरातून निघणारे काळपट, उग्र वासाचे तेल. १८३८ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन बेथेल याने पेटंट घेतलेल्या पद्धतीत लाकूड बंद टाकीत ठेवून आधी त्यातील हवा खेचून घेतात आणि मग दाबाने तेल भरतात. रूपिंग नावाच्या दुसऱ्या पद्धतीत याच्या उलट आधी हवाच दाबून भरतात. नंतर दाब काढला की आत कोंडलेली ती हवा जादा तेल बाहेर ढकलते, त्यामुळे कमी तेलात काम भागते. पंजाबात धिलवान, उत्तर प्रदेशात बरेलीजवळ क्लटरबकगंज, आसामात नहरकटिया आणि केरळात ओलवक्कोड येथे रेल्वेची अशी केंद्रे होती. हे तेल विषारी असल्याने असा जुना स्लीपर चुलीत जाळणे धोक्याचे असते, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

तेल लाकडात आरपार जात नाही. बाहेरच्या थरात मुरते आणि गाभा कोराच राहतो. म्हणून रुळाची बैठक, म्हणजे रूळ टेकतो ती जागा, तासणे आणि खिळ्यांची भोके पाडणे ही कामे तेल देण्याच्या आधीच उरकायची, असा दंडक आहे. नंतर जागेवर वाकस (तासण्याचे हत्यार) चालवावा लागला किंवा गिरमिट (भोक पाडण्याचे हत्यार) फिरवावे लागले, तर उघड्या पडलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर गरम क्रिओसोट फासावे लागते. उन्हात घाईने केलेल्या कामात पहिली गाळली जाते ती हीच पायरी, आणि ती गाळल्याचे कळते काही पावसाळ्यांनंतर.

बैठक तासणे हे वरवर दिसते तेवढे सोपे काम नाही. रूळ सरळ उभा नसतो. तो आतल्या बाजूला २० ला १ या प्रमाणात कललेला असतो. वाकसाने तासताना हा उतार दोन्ही टोकांना अचूक जुळावा लागतो, नाहीतर रुळाचा तळ एका कडेवरच टेकतो आणि लाकडाचे तंतू चिरडत जातात. रूळ आणि लाकूड यांच्यामध्ये बिडाची किंवा पोलादाची बेअरिंग प्लेट घातली की भार मोठ्या क्षेत्रावर पसरतो. कललेल्या प्लेटमध्ये उतार आधीच दिलेला असतो, त्यामुळे लाकूड सपाट तासले तरी चालते.

खिळ्याचे काम त्याहून नाजूक आहे. डॉग स्पाइक, म्हणजे ठोकून बसवायचा रुळाचा खिळा, याचे डोके एका बाजूला पुढे आलेले असते आणि तेवढाच ओठ रुळाचा तळ धरून ठेवतो. गिरमिटाने पाडलेले भोक खिळ्यापेक्षा थोडे अरुंद ठेवतात, म्हणजे खिळा कसून बसतो. आतला आणि बाहेरचा खिळा लाकडाच्या एकाच शिरेवर न ठोकता मागेपुढे ठोकतात, कारण एकाच रेषेत दोन पाचरी मारल्यावर लाकूड उभे चिरते, हे जळाऊ लाकूड फोडणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. स्क्रू स्पाइक, म्हणजे आट्यांचा खिळा, मात्र पिळूनच बसवायचा असतो. त्यावर हातोडा मारला की त्याच्या आट्यांनी लाकूड फाटते आणि तो पकड घेत नाही.

प्रत्येक दुरुस्तीत खिळा उपटला, पुन्हा त्याच भोकात ठोकला, की भोक सैल होत जाते. कुजलेला नसूनही केवळ खिळा धरत नाही म्हणून बाद झालेल्या स्लीपरला या धंद्यात खिळ्यांनी मारलेला स्लीपर म्हणतात. त्यावर उपाय साधा आहे: क्लॉ बार (खिळे उपटायची पहार) लावून खिळा सरळ वर काढायचा, भोकात डांबरात बुडवलेली लाकडी खुंटी ठोकायची आणि शेजारी नवे भोक पाडायचे. पण शेजारची जागाही कधीतरी संपते. टोकाला तडे गेलेल्या स्लीपरला लोखंडी पट्टीने किंवा तारेने आवळतात.

आता पुन्हा त्या पोकळ ठोक्याकडे येऊ. हाताने पॅकिंग करायचे, म्हणजे स्लीपरखाली खडी घट्ट कोंबायची, तर आधी रुळाखालची खडी, जिला गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारे कामगार, गिट्टी म्हणतात, स्लीपरच्या तळाच्या खाली सुमारे ५० मिलिमीटरपर्यंत पंजाने (दातेरी अवजाराने) ओढून काढतात. वाकडे झालेले स्लीपर काटकोनात आणतात, पहारी लावून मार्ग रेषेत घेतात, गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, ताडून पाहतात. मग प्रत्येक स्लीपरवर चार माणसे लागतात, दोन एका रुळाशी, दोन दुसऱ्याशी. रुळाशी उभे असलेले दोघे एकमेकांकडे पाठ करून बीटर (खडी ठोकायचे अवजार) छातीपर्यंत उचलतात आणि तिरक्या दिशेने स्लीपरखाली खडी कोंबतात. दोघांचे ठोके एका लयीत पडले तरच खडी दोन्हीकडून दाबली जाते. बीटर लाकडाच्या कडेवर बसता कामा नये. अशा चुकलेल्या घावांनी कडा गोल होतात, मग खडी तिथे ठरत नाही आणि पॅकिंग पुन्हा पुन्हा ढिले पडते.

ब्रॉडगेजमध्ये रुळाच्या दोन्ही बाजूंना ४५० मिलिमीटरपर्यंतच खडी ठोकतात आणि मधला भाग मुद्दाम सैल सोडतात. नवख्या माणसाला हा कामचुकारपणा वाटेल. पण मध्यभागी भक्कम आधार मिळाला आणि टोके खचली, तर स्लीपर झोपाळ्याच्या फळीसारखा डुलतो आणि मधोमध मोडतो. रुळांच्या सांध्यांखालचे स्लीपर सर्वाधिक मार खातात, म्हणून काम संपताना ते पुन्हा एकदा पॅक करतात.

पुलावर खडी नाही, म्हणून बीटरही नाही. तिथे स्लीपर थेट पोलादी गर्डरवर बसतो. गर्डरवरच्या रिव्हेटांची डोकी जिथे येतील तिथे स्लीपरच्या तळाला खाच करावी लागते, आणि प्रत्येक गर्डरची रिव्हेटे वेगळी असल्याने प्रत्येक स्लीपर त्याच्या त्याच्या जागेसाठी घडवावा लागतो. रेल्वेने लाकडाची ताकद आणि कठीणपणा मिळून जो निर्देशांक ठरवला, त्यात साध्या मार्गाच्या स्लीपरला किमान ७८३ लागतात, तर पुलाच्या स्लीपरला १४५५.

गर्डरला स्लीपर धरून ठेवतो तो हुक बोल्ट. त्याचा आकडा खाली गर्डरच्या पट्टीत अडकतो, पण वर उभ्या असलेल्या माणसाला तो दिसत नाही. म्हणून बोल्टच्या माथ्यावर एक बाण कोरलेला असतो आणि तो आकड्याची दिशा दाखवतो. बाण रुळाकडे काटकोनात असला म्हणजे आकडा पट्टीखाली आहे. तो फिरलेला असला, तर नट कितीही घट्ट दिसो, खाली बोल्टने काहीच धरलेले नसते. नेमून दिलेल्या आपल्या टप्प्यावर (बीटवर) रोज तपासणीला जाणारा चावीवाला जाताना एका रुळाच्या बाजूने आणि येताना दुसऱ्या रुळाच्या बाजूने चालतो. पुलावर आला की त्याची पावले मंदावतात. गंज आणि ग्रीसचा थर बोटाने पुसून तो एकेका बोल्टवरचा बाण पाहतो, फिरलेला दिसला तर पाना लावून सरळ करतो, आणि पुढच्या स्लीपरवर पाय ठेवतो.