पाण्यावरची साय

(दृश्य: पहाट. चिखल तुडवणारे चार पाय.)

यातले पुढचे पाय आमच्या आजोबांचे. मागचे माझे, दर दोन पावलांना घसरणारे.

गोव्याच्या पेडणे तालुक्यातलं आगरवाडा. गावाच्या नावातच आगर, म्हणजे मिठागर, आहे. शापोरा नदीच्या काठी बांध घालून केलेली ही मिठागरं पावसाळाभर पाण्याखाली असतात. दिवाळी सरली की आजोबा ते पाणी काढायचे, फुटके बांध चिखलाने लिंपायचे आणि मग हे तुडवणं सुरू व्हायचं. वाफ्याचा तळ पायांनीच घट्ट बसवावा लागतो. एक भेग राहिली तरी पाणी जिरतं आणि मीठ मातीसकट हाताला येतं. त्यामुळे आगरात चप्पल घालून उतरलेल्या माणसाला, मग तो कॅमेरावाला का असेना, आजोबा आधी बांधावर परत पाठवायचे.

(दृश्य: मानशीतून आत येणारं पाणी.)

अमावास्या-पुनवेच्या भरतीला नदीचं खारं पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या फळीच्या दारातून, आत घ्यायचं. एका वाफ्यात ते तापवायचं, तिथून दुसऱ्यात, मग शेवटच्या उथळ वाफ्यात सोडायचं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात मीठ असतं साधारण ३५ ग्रॅम. ते पाणी आटून दहाव्या हिश्शावर आल्याशिवाय मीठ दाणा धरत नाही. ही वेळ आजोबा बोटाने ओळखायचे. पाणी दोन बोटांत चोळायचं, उन्हाकडे बघायचं आणि म्हणायचं, "उदक पिकलां."

(दृश्य: जवळून, पाण्यावर तरंगणारे स्फटिक.)

ही बघा साय. दुपारच्या उन्हात पाण्यावर मिठाचा असा पापुद्रा धरतो आणि जड झाला की खाली बसतो. तो लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने ओढायचा, पण तळाला धक्का न लावता. हा एक शॉट आम्ही पूर्ण ठेवला आहे, न कापता. ८१ वर्षांच्या माणसाचे हात आहेत हे.

मध्येच घरघर ऐकू येते ती मोपाच्या विमानाची. आवाज काढून टाकता आला असता. नाही काढला.

(दृश्य: झावळ्यांनी शाकारलेली मिठाची रास.)

या मिठासाठी साम्राज्यं भांडली आहेत. १८७८ साली पोर्तुगीज आणि इंग्रजांचा करार झाला आणि गोव्यातलं मीठ इंग्रजांच्या ताब्यात गेलं. गोव्यात पिकलेल्या मिठावर गोव्याचाच हक्क नाही, असं १८९२पर्यंत चाललं. आता २००६पासून आयोडीन नसलेलं मीठ थेट खाण्यासाठी विकायला देशभर बंदी आहे. कायद्यामागचं कारण खरं आहे, गलगंडाचं. पण आमच्या रासेवरचं गिऱ्हाईक त्याने तुटलं, हेही खरंच. उरलं ते माडांच्या बुंध्यात घालायचं मीठ, खाऱ्या मासळीचं, आणि मे महिन्यात पुरुमेंतासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीसाठी, हटकून इथेच येणाऱ्या चार म्हाताऱ्यांचं. लोणच्याला पाकिटातलं मीठ चालत नाही, असं त्या ठासून सांगतात. आम्हीही तेच सांगतो.

डोक्यावरून पाट्या वाहणारी आजी या चित्रीकरणात नाही. कॅमेरा घरात आला तेव्हा ती नव्हती.

(दृश्य: पावसात बुडालेले वाफे.)

आजोबा गेल्या आषाढात गेले. यंदा वाफे कोणी तुडवले नाहीत. वडील नोकरीत, मी पणजीत. जमिनीसाठी फोन येतात.

(दृश्य: रिकामा बांध, आभाळ. चित्र हलत नाही.)

ही शेवटची क्लिप चुकून झाली आहे. कॅमेरा बांधावर ठेवलेला, चौकटीत माणूस नाही. फक्त आवाज ऐका.

"अरे, भरती आयली. फळी काढ."

मी फळी काढायला गेलो. कॅमेरा चालूच होता.

(पुढे फक्त पाण्याचा आवाज.)