मार्चअखेर आणि राइस प्लेट

श्रोतेहो, नमस्कार.

मार्चचा शेवटचा आठवडा आला की नाशिकच्या जुन्या आग्रा रोडवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक, जिल्हा न्यायालय आणि जिल्हाधिकारी कार्यालय यांच्या आसपास, हातात फाइल नसलेला माणूस शोधावा लागतो. शासकीय खात्यांची देयके ३१ तारखेच्या आत मंजूर झाली नाहीत तर त्या वर्षाचा निधी परत जातो, बँकांना थकलेल्या कर्जांची वसुली दाखवायची असते, पतसंस्थांना ताळेबंद जुळवायचा असतो, आणि लासलगावसारख्या बाजार समितीतही वर्षअखेरच्या हिशेबासाठी कांद्याचे लिलाव काही दिवस बंद राहतात. मी करसल्लागार असल्यामुळे हा आठवडा दर वर्षी माझ्याही वाट्याला येतो. अशा आठवड्यात दुपारी एकच्या सुमारास ज्या लहानशा हॉटेलात माणूस वैतागलेल्या अवस्थेत शिरतो आणि जेवून बऱ्यापैकी ताळ्यावर येऊन बाहेर पडतो, त्या हॉटेलाविषयी आज बोलण्याचे मी ठरवले आहे.

शालिमार, रविवार कारंजा, अशोक स्तंभ या भागांत अशी हॉटेले अजून टिकून आहेत. आठ-दहा टेबले, गल्ल्याच्या वर हार घातलेली देवाची तसबीर, हात धुण्याच्या बेसिनपाशी नेहमी ओली असलेली फरशी, आणि दाराशी एक काळा फळा, ज्यावर त्या दिवशीच्या दोन भाज्या खडूने लिहिलेल्या असतात. माझ्या मते हॉटेलातील सर्वांत गुणकारी वस्तू हा फळाच आहे. सकाळपासून अमुक खर्च महसुली धरायचा की भांडवली, तमुक बिल या वर्षात घ्यायचे की पुढच्या, असे निर्णय घेऊन डोके शिणलेले असते. त्यात कोणी पंधरा पानांचे मेनूकार्ड पुढे ठेवले तर भूक असूनही जेवणाचा कंटाळा येतो. इथे वेटर पाण्याचे ग्लास टेबलावर ठेवता ठेवताच सांगतो, “गवार आणि अख्खा मसूर आहे काका, भाकरी आणू का चपाती?” एवढ्या एका प्रश्नाचे उत्तर दिले की आपले काम संपते. निवडीला वाव नसणे ही एरवी तक्रारीची बाब असेल, पण त्या आठवड्यात ती सोय ठरते.

पुष्कळ मंडळी या दिवसांत पार्सल मागवून कार्यालयातल्या टेबलावरच जेवतात. वेळ वाचतो असे त्यांना वाटते आणि मला ते मुळीच पटत नाही. मन ताणाखाली असते तेव्हा शरीर लढण्या-पळण्याच्या तयारीत राहते, रक्ताचा ओघ पचनसंस्थेकडून स्नायूंकडे वळतो आणि पचन मंदावते. म्हणूनच घाईच्या क्षणी भूक मरते आणि जेवले तरी पोट जड वाटते. उलट ताण दिवसेंदिवस चालू राहिला की कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढलेले राहते आणि गोड व तळलेले खावेसे वाटू लागते, त्यामुळे मार्चअखेरीस कार्यालयांमध्ये वडापाव, फरसाण आणि चहाचा एवढा खप होतो. पोट भरल्याची जाणीव व्हायलाही सुमारे २० मिनिटे लागतात. एका हाताने माऊस धरून पाच मिनिटांत जेवण उरकणाऱ्याला ती जाणीव होईपर्यंत डबा रिकामा झालेला असतो, आणि काय खाल्ले ते विचारले तर सांगता येत नाही. हॉटेलात निदान उठून जावे लागते, उन्हातून का होईना पण चार पावले चालणे होते, आणि समोर ताट येईपर्यंत काहीही न करता बसावे लागते. हे बसणेही जेवणाइतकेच उपयोगी आहे.

आता नाशिकमध्ये राहून मिसळीचे नाव घेतले नाही तर श्रोते रागावतील. मिसळ मलाही प्रिय आहे. रविवारी गंगापूर रोडने किंवा मखमलाबादच्या बाजूला जाऊन झाडाखाली बसून खाल्लेली तर विशेष प्रिय आहे. मात्र ताणाच्या आठवड्यात दुपारच्या जेवणाऐवजी मिसळ खाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अगोदरच चहाने जळजळणाऱ्या पोटावर तर्रीचा मारा झाला की दुपारचे तीन वाजेपर्यंत आम्लपित्त आणि ताळेबंद दोन्ही एकदमच वर येतात. मिरचीतील तिखटपणा ज्या द्रव्यामुळे येतो ते तेलात विरघळते, पाण्यात फारसे नाही, त्यामुळे तर्रीचा ठसका लागल्यावर घटाघटा पाणी पिऊन आग शमत नाही. मिसळीबरोबर दह्याची वाटी असते ती शोभेसाठी नाही, दुधातील प्रथिन ते द्रव्य धरून ठेवते. राइस प्लेटबरोबर मिळणारे जिरेपूड घातलेले ताकही थोडेफार तेच काम करते, आणि मार्चअखेरच्या उन्हात ते मागवण्यासाठी दुसरे कारण लागत नाही.

प्लेट साधीच असते: एक सुकी भाजी, एक रस्सा भाजी, काळ्या मसाल्याची आमटी, भात, लिंबाची फोड, कधी पापड. भाकरी हिवाळ्यात बाजरीची आणि ऊन तापू लागले की ज्वारीची. काही ठिकाणी नागलीचीही मिळते, कारण पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी या तालुक्यांत नागली पिकते. ती काळपट भाकरी पाहून बाहेरगावचा माणूस क्षणभर बिचकतो. बाजूला कांदा असतो, म्हणजे असावा अशी अपेक्षा असते. देशभर कांदा पुरवणाऱ्या या जिल्ह्यात भाव कडाडले की ताटातील कांद्याची जागा चिरलेला कोबी किंवा मुळा घेतो, आणि त्याबद्दल कोणी वेटरला जाब विचारताना मी पाहिलेले नाही. शेजारी बसलेला माणूस चांदवड-निफाडकडचा शेतकरी असण्याची शक्यता असते, आणि भाव चढला असेल तर त्या कोबीकडे पाहून त्याला बरेच वाटत असणार.

शेजारी कोण बसेल हे अशा हॉटेलात आपल्या हाती नसते. गर्दीच्या वेळी एका टेबलावर चार अनोळखी माणसे बसतात. तारखेसाठी आलेला पक्षकार, एखादा वकील, सातबाऱ्याच्या कामाला आलेले आजोबा, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा. कोणी कोणाला नाव विचारत नाही. “जरा मीठ सरकवा”, “बसा की, माझे होतच आले आहे”, एवढेच बोलणे होते. ज्या आठवड्यात समोर येणारा प्रत्येक माणूस आपल्याकडे काहीतरी मागत असतो, त्या आठवड्यात फक्त मीठ मागणाऱ्या माणसासमोर बसण्यात विलक्षण आराम आहे. हात धुऊन गल्ल्याकडे निघालो की मागून वेटर खणखणीत आवाजात सांगतो, “काकांची एक प्लेट, एक एक्स्ट्रा भाकरी, एक ताक!” आणि मालक मान वर न करता बेरीज सांगतात. कागद नाही, पासवर्ड नाही, आणि हिशेब तिथल्या तिथे जुळतो. आमच्या धंद्यातील माणसाला त्याचे किती अप्रूप वाटत असेल, याची कल्पना श्रोत्यांनीच करावी.

त्या मालकांचाही मार्चअखेर असतोच, हे आपल्या ध्यानात येत नाही. वार्षिक उलाढाल दीड कोटी रुपयांपर्यंत असलेले हॉटेल जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत, म्हणजे लहान व्यावसायिकांसाठीच्या सुटसुटीत करयोजनेत, जाऊ शकते. या योजनेत ५ टक्के कर मालकाने आपल्या उत्पन्नातून भरायचा असतो, ग्राहकाच्या बिलात तो वेगळा लावता येत नाही, आणि पुढच्या वर्षापासून या योजनेत यायचे असेल तर अर्ज ३१ मार्चच्या आत करावा लागतो. म्हणजे तुमच्या माझ्यासाठी गवार शिजत असताना गल्ल्यावरच्या माणसाच्याही डोक्यात तीच तारीख घोळत असते. शिवाय स्वयंपाकघरातील १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर महाग झाला म्हणून लगेच प्लेटचा भाव वाढवता येत नाही. पाच रुपये वाढवले की रोजचे गिऱ्हाईक दोन दुकाने पुढे जाते. आणि आपली जेवणे आटोपल्यावर, साडेतीन-चारच्या सुमारास, उरलेल्या भाजीवर वेटर आणि भाकरी थापणाऱ्या मावशी जेवायला बसतात. टेबलाशेजारी दोघे-तिघे उभे राहून वाट पाहत असताना जेवण झालेल्याने मोबाइल काढून बसणे मला म्हणूनच फार खटकते, आणि उठण्याची विनंती अतिशय सौम्य शब्दांत करणाऱ्या वेटरचे कौतुक वाटते.

एक व्यवहाराची गोष्ट सांगून आपली रजा घेतो. मावशी भाकऱ्यांचे पीठ अंदाजाने मळतात आणि या आठवड्यात तो अंदाज हमखास चुकतो. भाकरी हवी असेल तर पाऊण वाजताच जाऊन बसावे. दोननंतर चपातीच मिळते, आणि अडीचनंतर फळ्यावरची एक भाजी पुसलेली असते.

नमस्कार.