चार्ली बोर्नची ख्यालीखुशाली

नमस्कार, श्रोतेहो.

युद्धाचं कॉमिक म्हटलं की आपल्याला आठवतात ते रणगाडे, हातबॉम्ब आणि एकट्यानं अख्खी फलटण गारद करणारा नायक. ब्रिटनमध्ये १९७५ साली सुरू झालेल्या ‘बॅटल पिक्चर वीकली’ या साप्ताहिकात असला मालमसाला भरपूर असायचा. गिऱ्हाईक म्हणजे शाळकरी मुलं, त्यामुळे त्यात नवल नाही. पण जानेवारी १९७९ पासून याच साप्ताहिकात एक वेगळी चित्रकथा येऊ लागली, ‘चार्लीज वॉर’. लेखक पॅट मिल्स, चित्रकार जो कहून. परवा ती पुन्हा वाचायला घेतली आणि या वेळी लढायांपेक्षा पत्रांपाशीच जास्त रेंगाळलो.

चार्ली बोर्न हा लंडनमधला सोळा वर्षांचा पोरगा. वय चोरून सैन्यात शिरलेला. अंगानं दणकट, मनानं भाबडा आणि शिक्षणाच्या नावानं बोंब. गोष्ट सुरू होते जून १९१६ मध्ये, म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईला जेमतेम महिना उरलेला असताना. १ जुलैला काय झालं ते इतिहासात आहेच. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे ५७ हजारांहून जास्त लोक कामी आले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. त्यातले १९ हजारांवर मेले. पण त्या दिवसापर्यंत मिल्स वाचकाला खंदकात राहायला लावतो. कोण विनोद करतो, कोणाचं कोणाशी पटत नाही, कोण कोणाला सांभाळून घेतो, हे सगळं आपल्या अंगवळणी पडतं. मग १ जुलै उजाडतो.

आता पत्रांबद्दल. चार्ली घरी पत्रं लिहितो. ऱ्हस्व-दीर्घाची पार वाट लागलेली, स्पेलिंग कानावरून केलेलं. मजकूर काय, तर मी मजेत आहे, काळजी करू नका. आपल्याकडे नाही का, ‘इकडील सर्व क्षेम’ लिहायचे, घरात काहीही चाललेलं असो! चार्लीचा हा मजकूर चित्राच्या कोपऱ्यात असतो आणि खाली कहूननं काढलेला चिखल, तारांची कुंपणं, फुटणारे तोफगोळे. अक्षरं एक सांगतात, चित्र दुसरंच. पोरगा आईला खोटं लिहितोय हे आपल्याला दिसतं, आईला दिसत नाही. कादंबरीत हे सांगावं लागलं असतं. इथे कोणी काही सांगत नाही, म्हणूनच गळ्याशी येतं.

खऱ्या सैनिकांना तर त्या काळी छापील पोस्टकार्डंही मिळायची. ‘मी बरा आहे’, ‘मला इस्पितळात दाखल केलं आहे’, अशी वाक्यं आधीच छापलेली. लागू नसेल ते खोडायचं, खाली सही नि तारीख. वर आणखी एक शब्द लिहिलात तर कार्ड नष्ट केलं जाईल, अशी तंबीही त्यावरच छापलेली.

चार्लीचा जिवाभावाचा दोस्त जिंजर. सतत कुरकुरणारा. तो तोफगोळ्यानं मरतो आणि त्याचं जे काही उरलंय ते चार्ली पोत्यात गोळा करून पुरायला नेतो. मुलांच्या साप्ताहिकात, बरं का! शत्रूवर दात-ओठ खाणं नाही, सूडाची शपथ नाही. एक पोरगा, खांद्यावर पोतं.

सगळंच तितकं साधलंय असं मी म्हणणार नाही. दर आठवड्याला तीन-चार पानं आणि शेवटी उत्कंठेचा खटका हवाच, त्यामुळे योगायोग फार होतात. कॅप्टन स्नेल हा खलनायक तर नाटक कंपनीतून उसना आणल्यासारखा वाटतो. विषारी वायूनं डोळे बिघडल्यामुळे सतत पाणी गाळणारा वीपर वॉटकिन्स मला आधी निव्वळ क्लृप्ती वाटला होता. पुढे लेफ्टनंट थॉमसचा प्रसंग येतो. आपली माणसं वाचवायला त्यानं हुकमाशिवाय माघार घेतलेली असते आणि त्याबद्दल त्याला गोळ्या घालायच्या असतात. चार्ली आणि वीपर बंदूक चालवायला नकार देतात, शिक्षा भोगतात. तिथे वीपरच्या डोळ्यांतलं पाणी वायूचं की कशाचं, हे विचारायची सोय उरत नाही. पहिल्या महायुद्धात पळपुटेपणा, भित्रेपणा वगैरे आरोपांखाली देहदंड झालेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटननं माफी दिली ती २००६ साली.

कहून स्वतः दुसऱ्या महायुद्धात नौदलात होता. त्यानं चेहरे असे काढलेत की गर्दीतला, नाव नसलेला शिपाईही ओळखीचा वाटतो.

मिल्सनं गोष्ट १९३३ पर्यंत आणून सोडली. चार्ली बेकार आहे आणि जर्मनीत हिटलर चान्सेलर झालाय. पुढे दुसऱ्या लेखकानं चार्लीला दुसऱ्या महायुद्धातही धाडलं, चित्रं कहूनचीच. ते भाग मी एकदा चाळले, पुन्हा वाचायला घेत नाही. नमस्कार.